गैरहजर कोण?

जिल्ह्याच्या गांवांतील एका बऱ्यापैकीं हॉटेलाचा वरचा मजला. वार मंगळवार. जिन्याच्या तोंडाशीं एक फलक उभा केलेला असतो, आणि त्यावर निळ्या-सोनेरी रंगांत एक दांतेरी चाक रंगविलेलें असतें. फलकाशेजारीं लहानशा टेबलापाशीं एक गृहस्थ, लग्नमंडपाच्या दारीं आहेराची यादी करावयास बसावें तशा दक्षतेनें, लांबट वही उघडून बसलेले असतात. वर येणाऱ्या प्रत्येकाकडे पाहून ते हंसतात, आणि हंसतां हंसतांच त्याच्या नांवापुढें पेन्सिलीनें एक खूण करतात. सभेची वेळ साडेसातची. ७ वाजून २५ मिनिटें होईपर्यंत वहींत चार खुणा झालेल्या असतात : एक अध्यक्षांची, एक कार्यवाहांची, एक खुद्द वहीवाल्यांची आणि या तिन्हींच्याहि आधीं झालेली छापखानेवाल्या आप्पांची. पांचवा हजर मनुष्य म्हणजे त्या दिवशींचा पाहुणा वक्ता. त्या बिचाऱ्यास गांवची रीत ठाऊक नसल्यामुळें तो निमंत्रणपत्रिकेवरील वेळ खरी मानून आलेला असतो.

ही रोटरी क्लबाची साप्ताहिक सभा. हें चित्र कोणा एका गांवाचें म्हणून ओळखूं पाहण्याचें कारण नाहीं. कृष्णाकांठीं जावें कीं वऱ्हाडांत जावें, भोजनांतल्या रश्शाच्या तिखटपणांत काय फरक पडेल तेवढाच. चाक तेंच, घंटा तीच आणि हजेरीची वहीहि तीच.

या वहीमागें एक लहानसा इतिहास आहे. शिकागो शहरांत पॉल हॅरिस नांवाचे एक वकील होते. त्यांचें बालपण व्हर्मांट प्रांतांतील वॉलिंगफर्ड या खेड्यांत, आजी-आजोबांच्या घरीं गेलेलें. खेड्यांत मनुष्य दोन दिवस दिसला नाहीं तर तिसऱ्या दिवशीं कोणीतरी दाराशीं येऊन खांकरतें. शिकागोंत हॅरिस यांना अशील मिळाले, पैसाहि मिळूं लागला. परंतु रविवारीं दुपारीं ज्याच्या ओसरीवर सहज जाऊन बसावें असें घर मिळेना. अखेर २३ फेब्रुवारी १९०५ रोजीं युनिटी बिल्डिंग नांवाच्या इमारतींतील ७११ क्रमांकाच्या खोलींत चौघेजण जमले. ती खोली म्हणजे गस्टाव्हस लोअर या खाणींच्या इंजिनियरची कचेरी. लोअर, हॅरिस, कोळशाचे व्यापारी सिल्व्हेस्टर शील आणि शिंपी हायरम शोरी असे हे चौघे. पुढच्या सभा एकेकाच्या कचेरींत आळीपाळीनें भरूं लागल्या, म्हणून 'फिरती' या अर्थाचें रोटरी हें नांव पडलें. लवकरच हॅरी रगल्स हे मुद्रक येऊन मिळाले. सभेंत मरगळ आली कीं मंडळींकडून गाणें म्हणवून घेण्याचा प्रघात त्यांनीं पाडला. आपल्याकडील भिशी एकेकीच्या घरीं फिरत जाते तशांतलाच हा प्रकार. फरक एवढाच कीं भिशीचें चाक गल्लींत फिरलें, आणि हें चाक १९१९ सालीं कलकत्त्यास व १९२९ सालीं मुंबईस येऊन पोंचलें. आज जगभर या संस्थेचे सुमारें १२ लाख सभासद आहेत.

एकटेपणावरचा उतारा म्हणून जन्मलेल्या संस्थेला गैरहजेरीचें वावडें असावें हें स्वाभाविकच होय. पुष्कळ वर्षें नियम मोठा कडक होता. सहामाहींतील निदान शेंकडा ६० सभांस हजेरी लावलीच पाहिजे, आणि लागोपाठ चार सभा चुकल्या तर सभासदत्व धोक्यांत. सुटकेचा मार्ग एक : चुकलेली सभा आधींच्या अगर नंतरच्या १४ दिवसांत दुसऱ्या कोणत्याहि गांवच्या क्लबांत जाऊन भरून काढावी. या भरपाईच्या पायीं सभासदांनीं काय काय केलें तें त्यांच्या घरच्या मंडळींस विचारावें. सकाळीं देवदर्शन आणि सायंकाळीं क्लबदर्शन अशा यात्रा झाल्या. मुलीला स्थळ पाहावयास परगांवीं जावयाचें तर मुहूर्तापूर्वीं तेथील क्लब कोणत्या वारीं भरतो याची चौकशी झाली. या नियमाला एक सवलत होती : वय आणि सभासदत्वाचीं वर्षें मिळून बेरीज ८५ भरली कीं हजेरीची माफी मिळावी. म्हणजे माणसाला घरीं बसण्याची मुभा मिळे ती नेमकी त्या वयांत, ज्या वयांत त्यानें घटकाभर बाहेर जावें असें घरच्या मंडळींस मनापासून वाटत असतें.

आप्पांचें वय ७८ आणि सभासदत्व ३१ वर्षांचें, बेरीज १०९. माफीची रेषा त्यांनीं केव्हांच ओलांडली होती. पण ते येत. पत्नी निवर्तल्यापासून आणि दोन्ही मुलगे परदेशीं स्थायिक झाल्यापासून तर ते २० मिनिटें आधींच येत, आणि पहिली खूण आपली झाली कीं नाहीं हें चष्मा पुसून पाहत.

सुमारें ८ वाजण्याच्या बेतास खुर्च्या भरतात आणि अध्यक्ष घंटेवर टोला देतात. त्यांच्या गळ्यांत धातूच्या पट्ट्यांची एक माळ असते. प्रत्येक पट्टीवर एकेका माजी अध्यक्षाचें नांव. क्लब जितका जुना तितकी अध्यक्षांची मान अधिक लवते, आणि नम्रता ही सेवेची पहिली पायरी होय असा सर्वांचा समज होतो. रोटरीचें वर्ष १ जुलैस सुरू होतें आणि अध्यक्ष वर्षाचाच असतो. त्यामुळें जुलैमध्यें पदावर आलेल्या गृहस्थास दिवाळीपर्यंत काम समजतें, होळीच्या सुमारास तें जमूं लागतें, आणि जूनअखेर माळ दुसऱ्याच्या गळ्यांत जाते. वहीवाले मात्र बदलत नाहींत. धंद्यानें ते विमा-एजंट. माणूस हयात आहे कीं नाहीं याची चौकशी करण्याचें व्रत त्यांनीं पोटासाठींच घेतलेलें. क्लबांत तें ते फुकट आचरतात इतकेंच.

राष्ट्रगीत होतें. मग कार्यवाह त्या आठवड्यांतील वाढदिवस आणि विवाहाचे वाढदिवस वाचतात. क्लबाच्या परिभाषेंत सभासदाची पत्नी ही 'ॲन' आणि मुलें म्हणजे 'ॲनेट'. रेशमी साडी नेसून, केंसांत गजरा माळून आलेल्या आणि चार सुनांच्या सासू असलेल्या बाईंस 'ॲन' या नांवानें पुष्पगुच्छ घेण्यास बोलावलें म्हणजे त्या आधीं मागें वळून पाहतात. पूर्वीं या संस्थेंत स्त्रियांना सभासद होतां येत नसे. सभासदांच्या पत्नींचें 'इनर व्हील' हें निराळें मंडळ १९२४ सालीं मँचेस्टर येथें निघालें. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९८७ सालचा निकाल आणि १९८९ सालची नियमदुरुस्ती झाल्यावर दार उघडलें. आणि २०२२ सालीं तर जागतिक अध्यक्षपदावरच जेनिफर जोन्स या कॅनडांतील बाई आल्या. आपल्या या क्लबांतहि एक डॉक्टरीणबाई आहेत. लहान मुलांच्या त्या वैद्य. क्लबांतील निम्म्या पुरुषांच्या मुलांना त्यांनीं सुया टोंचल्या असल्यामुळें त्या बोलावयास उभ्या राहिल्या म्हणजे सारे निमूटपणें ऐकतात.

मूळ नियमाप्रमाणें एका धंद्याचा एकच प्रतिनिधि क्लबांत घ्यावयाचा. हेतु उदात्त, पण गांव लहान आणि स्नेही पुष्कळ. तेव्हां एक कापडवाले 'सुती' म्हणून नोंदले गेले आणि दुसरे 'रेशमी' म्हणून. डॉक्टरांचें काम सोपें; परमेश्वरानें मानवी देहाचे भाग पुष्कळ केले आहेत. वकिलांचेहि दिवाणी आणि फौजदारी असे दोन वर्ग पडलेलेच होते.

शिकागोच्या पहिल्या मंडळींनीं एकमेकांस पहिल्या नांवानें हांक मारण्याची रीत घातली. अमेरिकन माणसास तें सोपें आहे. आपल्याकडे निवृत्त इंजिनियरसाहेबांस पंचविशींतल्या मुलानें 'अरे सदाशिव' म्हणून हांक मारावी, तर त्या मुलाचा बाप सभेंतून उठून घरीं जाईल. मराठी क्लबांनीं यावर तोडगा काढला तो अण्णा, भाऊ, आप्पा, डॉक्टर आणि वकीलसाहेब यांचा. पतीचें नांव न घेणाऱ्या जुन्या गृहिणींचीच ही युक्ति : हांकहि मारली आणि नांवहि घेतलें नाहीं!

त्यानंतर एक गृहस्थ दंड गोळा करीत फिरतात. त्यांच्या हुद्द्याचें नांव मोठें फौजी आहे. काम मात्र माधुकरी मागण्याचें. दंड कशाबद्दल, तर वर्तमानपत्रांत छायाचित्र छापून आलें याबद्दल, नवी मोटार घेतली याबद्दल, मुलगा परीक्षेंत उत्तीर्ण झाला याबद्दल. जगांत माणसाला गुन्ह्याबद्दल दंड होतो; येथें भाग्याबद्दल होतो. आणि ज्यास सबंध वर्षांत एकदांहि दंड झाला नाहीं तो मनांतून खट्टू असतो.

मग 'चतुर्विध कसोटी' म्हणण्यांत येते. हर्बर्ट टेलर यांच्याकडे १९३२ सालीं बुडत चाललेला ॲल्युमिनियमच्या भांड्यांचा एक कारखाना आला. तेथील माणसांच्या मार्गदर्शनासाठीं त्यांनीं चार प्रश्न लिहून काढले. जें बोलावें वा करावें तें खरें आहे काय, सर्वांस न्याय्य आहे काय, त्यानें सद्भाव वाढेल काय, आणि तें सर्वांच्या हिताचें होईल काय, हा त्यांचा भावार्थ. १९४३ सालीं रोटरीनें ही कसोटी आपली मानली. सर्व सभासद ती उभ्यानें म्हणतात. फौजदारी वकीलसाहेब शेवटले तीन प्रश्न विशेष मोठ्यानें म्हणतात.

आणि मग भोजन. बर्नार्ड शॉ यांस कोणी विचारलें कीं रोटरी कोठें चालली आहे, तेव्हां 'जेवायला' असें त्यांनीं उत्तर दिलें, ही गोष्ट रोटरीचेच लोक एकमेकांस आवडीनें सांगतात. टीकाकाराला हंसून आपल्या पंक्तीला बसविण्याची ही हातोटी कांहीं सामान्य नव्हे. तरीपण शॉच्या त्या एका शब्दांत कांटा आहे. चाक, माळ, घंटा, दंड आणि जेवण यांतून शेवटीं निष्पन्न काय होतें, हा प्रश्न केव्हांतरी कोणीतरी विचारणारच. या क्लबांत तो एका मंगळवारीं विचारला गेला.

२०१६ सालीं रोटरीच्या विधिमंडळानें जुने नियम सैल केले. क्लबांनीं महिन्यांतून निदान दोनदां भरावें, हजेरीचें आपापलें काय तें ठरवावें, अशी मोकळीक मिळाली. त्यानंतरच्या एका पावसाळ्यांतील ती संध्याकाळ. विषयपत्रिकेवर दोन गोष्टी होत्या. एक, 'हृदयविकार टाळण्याचे उपाय' या विषयावर पाहुण्यांचें व्याख्यान. आणि पाऊस पडत असल्यामुळें हॉटेलवाल्यानें आपखुशीनें कांदाभजीं केलीं होतीं. दुसरी गोष्ट म्हणजे एका तरुण सभासदाचा ठराव. सभा पंधरा दिवसांनीं भरवावी आणि हजेरीची वही कायमची बंद करावी, असा तो ठराव होता.

तरुण संगणकाच्या व्यवसायांतला. वडिलांच्या मागें क्लबांत आलेला. हुशार आणि मनाचा सरळ. तो म्हणाला, "हजेरी घेणें हें शाळामास्तरांचें काम आहे. आपण सर्व मोठीं माणसें आहोंत. कोण किती वेळां जेवावयास आला, यावरून कोणी किती सेवा केली हें ठरत नाहीं. चार सभांच्या दोन केल्या तर दोन जेवणांचा खर्च वांचेल. त्यांत वर्षाकाठीं एखाद्या शाळेला पिण्याच्या पाण्याची सोय करून देतां येईल. निरोपांसाठीं प्रत्येकाच्या खिशांत मोबाईल आहे. मग ही वही कशाला?"

मुद्दा बिनतोड होता. सुती कापडवाल्यांस तो पटला, कारण त्यांचें दुकान मंगळवारींच विशेष चालतें. रेशमी कापडवाल्यांस तो पटला नाहीं, कारण तो सुती कापडवाल्यांस पटला होता. दिवाणी वकीलसाहेबांनीं ठरावाची सूचना मुदतींत आली होती काय अशी शंका काढली. फौजदारी वकीलसाहेब म्हणाले कीं वही हा पुरावा आहे आणि पुरावा नष्ट करणें हा गुन्हा आहे. मंडळी हंसली. इतक्यांत डॉक्टरीणबाई उभ्या राहिल्या.

त्या तरुणाकडे वळून म्हणाल्या, "तुला लहानपणीं पोलिओचे थेंब मीच पाजले आहेत, तूं माझ्या बोटाला चावला होतास. म्हणून तुलाच सांगतें. रोटरीनें पोलिओ घालविण्याचा विडा उचलला तो १९८५ सालीं. आपल्याकडे १९९५ सालीं पल्स पोलिओ सुरू झालें. पांच वर्षांखालील सुमारें १७ कोटि मुलें एकेका देशव्यापी फेरींत गांठावयाचीं होतीं. खरें काम केलें तें सरकारी परिचारिकांनीं आणि अंगणवाडीच्या बायकांनीं. पण त्या रविवारीं सकाळीं या वहींतलीं माणसेंहि बर्फाच्या पेट्या घेऊन एस. टी. स्टँडावर उभीं असत. थेंब पाजले कीं मुलाच्या डाव्या करंगळीवर शाईची खूण. दुसऱ्या दिवसापासून घरोघर फेरी. सर्व मुलें झालीं त्या घराच्या भिंतीवर खडूनें 'पी' अक्षर. मूल झोंपलें असेल, आजोळीं गेलें असेल, कोणीं दारच उघडलें नसेल, तर 'एक्स'. संध्याकाळीं आम्ही पहिल्यानें 'पी' किती झाले हें विचारीत नसूं. आम्ही मागत असूं ती 'एक्स'च्या घरांची यादी. त्या घरीं पुन्हां जावयाचें. तरी मूल नसलें तर आणखी एकदां. रोग हटला तो थेंब घेतलेल्या मुलांमुळें. पण तो दबा धरून राहत होता तो राहून गेलेल्या मुलांत."

भजीं गार होत होतीं; तिकडे कोणाचें लक्ष नव्हतें.

"२००९ सालीं आपल्या देशांत पोलिओचे ७४१ रोगी होते," बाई पुढें म्हणाल्या. "२०१० सालीं ४२ झाले. २०११ सालीं एक. १३ जानेवारीला, हावड्याची एक लहान मुलगी. त्यानंतर एकहि नाहीं. २७ मार्च २०१४ रोजीं आपल्याला पोलिओमुक्तीचें प्रमाणपत्र मिळालें. जे आले त्यांची मोजदाद कोणीहि करील. जो आला नाहीं त्याची आठवण ठेवणें, ही निराळी विद्या आहे, आणि ती अंगीं यावयास संवय लागते. ती संवय आपल्याला या वहीनें लावली असें मला वाटतें. बाकी ठरावाबद्दल माझा आग्रह नाहीं."

बाई बसल्या. अध्यक्षांनीं मत घेण्याचें ठरविलें. दिवाणी वकीलसाहेबांनीं गणसंख्येचा प्रश्न काढला : एकतृतीयांश सभासद हजर आहेत काय? अध्यक्ष म्हणाले, "भाऊसाहेब, वही पाहून आंकडा सांगा."

भाऊसाहेब म्हणजे वहीवाले. त्यांची खुर्ची रिकामी होती. 

सर्वांनीं इकडे तिकडे पाहिलें. तेव्हां पाहुणे वक्ते संकोचानें उभे राहिले. हृदयविकारावरील त्यांचें व्याख्यान अद्याप व्हावयाचेंच होतें. त्यांच्या हातांत ती लांबट वही होती आणि कानावर पेन्सिल.

ते म्हणाले, "आपले ते गृहस्थ साडेसातलाच खालीं गेले. मला म्हणाले, 'मंडळी येतील तशा खुणा करीत राहा. एक नांव राहिलें आहे. तें पाहून येतों.' मीं सत्तावीस खुणा केल्या आहेत. चुकल्या असल्या तर क्षमा असावी."

"कोणाचें नांव राहिलें आहे?"

वक्त्यांनीं पान नीट न्याहाळलें. "पुष्कळ राहिलीं आहेत. परंतु सर्वांत वरचें नांव..." त्यांनीं तें वाचलें. तें आप्पांचें होतें.

त्या दिवशीं पहिली खूण झालीच नव्हती. अध्यक्ष आले, कार्यवाह आले, पुष्पगुच्छ दिले गेले, दंड झाले, कसोटी म्हणून झाली. आप्पांच्या नेहमींच्या खिडकीजवळील खुर्चीवर कोणीतरी ओली छत्री ठेवली, आणि त्या छत्रीकडे पाहूनहि कोणाला कांहीं वाटलें नव्हतें. तरुणानें घाईनें आपला मोबाईल काढला. क्लबाच्या निरोपांत आप्पांचा निरोप होता. सकाळचा, सर्वांस सुप्रभात म्हणणारा. त्याखालीं २२ जणांनीं हात जोडले होते.

तोंच हाडांच्या डॉक्टरांचा फोन वाजला. ते एका बाजूस जाऊन दोनच वाक्यें बोलले आणि कोट न घालतांच जिन्याकडे निघाले. आप्पा संध्याकाळीं पांचच्या सुमारास न्हाणीघरांत घसरून पडले होते. खुब्याचें हाड मोडलें होतें. फोन बाहेरच्या खोलींत वाजत होता आणि ते आंतून ऐकत होते. वहीवाल्यांनीं शेजाऱ्यांकडून किल्ली मिळवून दार उघडलें तेव्हां ते शुद्धीवर होते. त्यांनीं पहिला प्रश्न विचारला तो "किती वाजले?" हा, आणि उत्तर ऐकून, "म्हणजे सुरू झाली असेल," असें ते म्हणाले.

डॉक्टरांच्या मागोमाग जिन्यावरून जो दुसरा मनुष्य धांवत खालीं उतरला तो म्हणजे ठराव मांडणारा तरुण. गाडी त्याची होती. मत घेण्याचें राहून गेलें. व्याख्यानहि राहून गेलें. वक्ते सर्वांबरोबर गार भजीं खाऊन गेले, आणि तो त्यांनीं स्वतःच्या विषयावर केलेला मोठा अन्याय होय.

पुढल्या मंगळवारीं ठराव पुन्हां आला; पण तो निम्मा होऊन आला. सभा पंधरा दिवसांनीं भरावी हा भाग तरुणानें कायम ठेवला, आणि तो मंजूरहि झाला. त्याचा मुद्दा खोटा नव्हता. शाळेंतील मुलांना पाणी हवेंच होतें. वही बंद करण्याचा भाग मात्र त्यानें परत घेतला, आणि त्याजागीं एक उपसूचना घातली : मधल्या मंगळवारीं, म्हणजे ज्या दिवशीं सभा नाहीं त्या दिवशीं, साडेसात वाजतां एका सभासदानें वही घेऊन बसावें आणि एकट्या राहणाऱ्या प्रत्येक सभासदास फोन करावा. फोन उचलला कीं खूण. न उचलला तर घरीं जावें. हें काम कोणी करावें असा प्रश्न निघतांच सर्वांचे डोळे सूचकाकडे वळले. सार्वजनिक संस्थांतून सूचना मांडणारास याहून निराळी शिक्षा कधीं झालेली नाहीं. भाऊसाहेबांनीं पेन्सिल त्याच्या हातांत दिली, आणि गेलीं कित्येक वर्षें वापरलेला खोडरबर मात्र स्वतःच्या खिशांत ठेवला. "याचें तुला काम पडूं नये," ते म्हणाले.

त्याच रात्रीं भोजन आटोपल्यावर सहाजण आप्पांना पाहावयास गेले. शस्त्रक्रिया नीट झाली होती. पाय जखडलेला, तोंड मोकळें. त्यांनीं आधीं सहाहि जणांची मनांत मोजदाद केली, आणि मग गंभीरपणानें नियमाचा मुद्दा उपस्थित केला. गेल्या मंगळवारची आपली सभा चुकली आहे. भरपाईची मुदत १४ दिवसांची असे, आणि अजून सातच दिवस झाले आहेत. येथें अध्यक्ष आहेत, कार्यवाह आहेत, एक वक्तेहि आहेत, कारण डॉक्टर मघांपासून बोलतच आहेत. तेव्हां ही सभाच होय, आणि आपली गैरहजेरी भरून निघाली असें समजावें.

कार्यवाहांनीं सांगितलें कीं तो नियम आतां उरला नाहीं, आणि उरला असता तरी आप्पांची बेरीज १०९ आहे.

"नियमाचें असूं द्या," आप्पा म्हणाले. "खूण करा."

तरुणानें वही उघडली. गेल्या मंगळवारच्या रकान्यांत सर्वांत वर एक मोकळी जागा होती. त्यानें तेथें पेन्सिलीनें खूण केली आणि वही उशीजवळ धरली. आप्पांनीं चष्मा मागितला, तो पांघरुणाच्या टोंकाला पुसला, आणि खूण झाली आहे कीं नाहीं हें नीट पाहून घेतलें.